बाईंचा लाडका डॉक्टर

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवरून त्याचा पाय कधी हलत नसे, म्हणून शिकायला येणारे त्याला ब्रेकमास्तर म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि शेवटी त्यानेच ते नाव गाडीच्या मागच्या काचेवर रंगवून घेतलं. रस्त्यावर तो मोठा शांत माणूस. शिकाऊ बाईंनी रडून घेतलं, शिकाऊ आजोबांनी गाडी फुटपाथवर चढवली, तरी त्याचा आवाज चढत नसे. घरात मात्र एक विषय निघाला की त्याचं डोकं फिरे. तो विषय म्हणजे आईचा विद्यार्थी.

आई गणिताची शिक्षिका होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीतली माणसं तिला बाईच म्हणत. तिच्या हाताखालून शेकड्यांनी पोरं गेली, पण तोंडी नाव एकाचंच. तो ब्रेकमास्तरच्याच वर्गात होता. शाळा सुटल्यावर अवघड गणितं घेऊन घरी यायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आईशेजारी बसायचा, आणि ज्याचं ते घर तो मुलगा बाहेरच्या पायरीवर सायकलची चेन बसवत आतली वाहवा ऐकायचा. "बघ जरा त्याच्याकडे," हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलं होतं की त्या पोरात बघायचं काही शिल्लकच राहिलं नव्हतं. मनातल्या मनात तो त्याला पहिला नंबर म्हणे.

पुढे पहिला नंबर डॉक्टर झाला आणि मोठ्या हॉस्पिटलात काम करू लागला. पोट न फाडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी आत सारायची आणि थेट दुखण्यापर्यंत पोचायचं, असं त्याचं काम. "सुईच्या भोकातून हत्ती काढतो माझा विद्यार्थी," आई ज्याला त्याला सांगे. "आणि तुमचा मुलगा?" असं कुणी विचारलं तर म्हणे, "तोही शिकवतो की. गाडी." त्या 'गाडी'च्या आधी ती जराशी थांबे. तेवढं थांबणं ब्रेकमास्तरला पुढे आठवडाभर पुरे.

मग आईच्या यकृतात गाठ निघाली.

एका जुन्या काविळीचा विषाणू तिच्या रक्तात कितीतरी वर्षं गुपचूप बसून राहिला होता. त्याने यकृत आतून कडक करून टाकलं होतं, आणि आता त्यात कॅन्सरची गाठ. कापून काढावी तर जागा वाईट, यकृतात तेवढी ताकदही नाही. आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि म्हणाली, "मग त्याच्याकडेच जायला हवं."

"शहरात दुसरे डॉक्टर आहेत, आई."

"असतील की."

"मी चौकशी करतो. माझ्याकडे गाडी शिकलेल्या एक नर्सबाई आहेत, त्या सांगतील."

"अरे, घरचा वैद्य असताना दारोदार कशाला हिंडायचं?"

घरचा! तो शब्द त्याने गिळला खरा, पण तो घशाखाली उतरला नाही.

तपासणीला तो, आई आणि बायको असे तिघं गेले. बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करायची. तिने अर्धा दिवस सुट्टी काढली होती. पहिला नंबर आईला बघून ताडकन उठला. आपली गादीची खुर्ची त्याने आईला दिली आणि स्वतः स्टुलावर बसला. त्याचे केस विरळ झाले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. आईने पुढे वाकून त्याच्या कॉलरचं मुडपलेलं टोक सरळ केलं.

"वेळेवर जेवतोस का?"

"नाही, बाई."

"निदान खोटं तरी बोलायचंस!"

दोघंही हसले. ब्रेकमास्तरचा हात नकळत स्वतःच्या कॉलरकडे गेला. ती सरळच होती.

"तू कसा आहेस रे?" डॉक्टरने त्याच्याकडे वळून विचारलं. "किती वर्षांनी भेटतोयस!"

"बरा आहे, डॉक्टर. तुम्ही बोला, तुमचा वेळ मोलाचा."

एकाच बाकावर बसलेल्या मुलाला 'तुम्ही' म्हणण्यात जी चपराक असते ती बरोबर बसली. डॉक्टरने तोंड संगणकाच्या पडद्याकडे फिरवलं.

"बाई, ही गाठ. आणि तिला रक्त पुरवणारी ही फांदी. नळी आपण इथवर नेणार. तिथे औषध सोडायचं आणि बारीक कणांनी ही वाट बुजवून टाकायची. मग गाठ उपाशी मरते."

"म्हणजे समीकरणातलं एक पद उडवायचं."

"आणि बाकीची बाजू हलू द्यायची नाही," तो म्हणाला, आणि दोघांच्या चेहऱ्यावर तेच जुनं हसू आलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं.

ब्रेकमास्तर उठला. "गाडी चुकीच्या जागी लागलीय. आलोच."

गाडी अगदी योग्य जागी होती. तो नुसता आत जाऊन बसला आणि आपल्या बाजूचा ब्रेक उगाच दाबत राहिला. दुखणं आईला आणि पोट आपलं दुखतंय, हे त्याला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. तो परत गेला तेव्हा आईने संमतीची सही करून टाकली होती.

घरी येताना बायको म्हणाली, "अहो, जरा ऐकून घ्या. डॉक्टर म्हणाले की आईंच्या बाबतीत..."

"त्याचं कौतुक आता तू नको सुरू करूस."

"कौतुक कुठलं? धोक्याचं सांगत होते."

"आईने सही केली ना? मग झालं तर!"

बायकोने मागे बसलेल्या सासूकडे एकदा बघितलं आणि खिडकीची काच वर केली. ती एकदा गप्प बसली की तिला बोलतं करणं कठीण, हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी ते त्याच्या पथ्यावरच पडलं.

नळीचं काम ठरल्याप्रमाणे झालं. नंतर ताप आला, उलट्या झाल्या, उजव्या कुशीत दुखत राहिलं; नर्सने सांगितलं की हे होतंच, गाठ मरायला लागली की शरीर कुरकुरतं. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ डोकावून जाई. एकदा त्याने आईसाठी आकड्यांचं एक कोडं आणलं. ब्रेकमास्तरने सोललेलं सफरचंद तिने "नंतर" म्हणून बाजूला ठेवलं होतं. ते काळं पडलं. कोडं मात्र तिने तापल्या डोक्याने लगेच सोडवलं.

घरी आल्यावर रोज संध्याकाळी डॉक्टरचा फोन येई. फोन वाजला की आई उशीला टेकून ताठ बसे आणि तिचा आवाज थेट शाळेतला होई. "ठणठणीत आहे मी. तू तुझी कामं बघ." बायको दुकानातून आली की थर्मामीटर लावी, तोही काही वावगं दाखवत नसे. आईला जेवण जात नव्हतं, पण या दुखण्यात कुणाला जातं, असं म्हणून सगळ्यांनी मनाची समजूत घातली.

एके दुपारी एका शिकाऊ मुलीने ऐन वेळी तास रद्द केला, म्हणून ब्रेकमास्तर अवेळी घरी आला. आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून खाटेचा आवाज येत होता, कुणी हलवावी तसा. त्याने दार ढकललं. आईच्या अंगावर दोन रजया होत्या, त्यावर बायकोची शाल, आणि त्या सगळ्याखाली ती हुडहुडीने नुसती उडत होती. दातांवर दात आपटत होते. उशाशी तापाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पडली होती. तिने डोळे उघडले तेव्हा त्याला दिसलं, डोळे पिवळे झाले होते.

"आई! हे कधीपासून?"

"येतं अधूनमधून. दुपारचं येतं, आणि जातं."

"मग संध्याकाळी थर्मामीटरमध्ये कसं दिसत नाही?"

"गोळी घेतली की उतरतो ना."

"त्याला सांगितलंस?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस." दात वाजत असतानाही तिने हुकूम सोडला. "त्याच्या हातून मागे एक पेशंट बिघडलाय. वरचे लोक त्याच्यावर डोळा ठेवून आहेत. त्यात माझी भर नको. पोराला उगाच बोल लागेल."

ब्रेकमास्तर खाटेशी उभा राहिला. आईच्या जिवाची त्याला भीती वाटली, हे खरं. पण त्या भीतीच्या तळातून आणखी काहीतरी वर येत होतं, ऊन आणि गोड, आणि ते काय आहे हे त्याला तत्काळ ओळखू आलं. चुकला! पहिला नंबर चुकला! ज्याच्या वहीत लाल फुली बघायला त्याने अख्खं बालपण घालवलं, त्याच्या उत्तरावर आज फुली पडली होती. आणि ती पडली होती आईच्या अंगावर. त्याला स्वतःची शिसारी आली. तरी ती गोडी जिभेवरून जाईना.

त्याने आईला रजईसकट उचललं. ती इतकी हलकी झाली होती की त्याचा तोल मागे जाता जाता राहिला. गाडीच्या टपावरचा 'शिकाऊ चालक' हा फलक काढायला वेळ नव्हता. भर रस्त्यात तो इतक्या वेगाने निघाला की लोक आधी हसले, मग शिव्या देत बाजूला झाले. वाटेत त्याने बायकोला फोन केला. मागच्या सीटवर आई पुटपुटत होती, "त्याला बोलू नकोस हं. त्याला काही बोलू नकोस." ते ऐकून त्याने गाडी आणखी पळवली.

हॉस्पिटलात तिचा रक्तदाब उतरत चालला होता. स्कॅनच्या खोलीतून डॉक्टर जवळजवळ धावतच बाहेर आला.

"यकृतात पू झालाय. मेलेल्या गाठीत जंतू शिरलेत आणि रक्तात पसरलेत. आत्ताच्या आत्ता नळी घालून पू काढावा लागेल."

"आणखी एक नळी?" ब्रेकमास्तरचा आवाज चढला. रस्त्यावर कधी न चढणारा तो आवाज त्या लांबलचक व्हरांड्यात असा घुमला की बाकावरची माणसं उठून उभी राहिली. "सुईच्या भोकातून हत्ती काढता ना तुम्ही? माझी आई पायांवर चालत आली होती इथे! तुमच्या हुशारीपायी तिची ही दशा झाली. लहानपणापासून तुमच्या हुशारीनेच आमच्या घराचं वाटोळं केलंय!"

शेवटचं वाक्य तिथे शोभलं नाही. ते त्यालाही कळलं, पण तोवर सुटून गेलं होतं.

"मला आधी आत जाऊ दे," एवढंच डॉक्टर म्हणाला, आणि गेला.

बायको धापा टाकत आली तेव्हा हे सगळं तिच्या कानांवर पडलंच होतं. तिने नवऱ्याला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं.

"त्यांनी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"हेच. आईंची पित्ताची नळी खूप वर्षांपूर्वीच्या एका ऑपरेशनमध्ये आतड्याला जोडलेली आहे. अशा माणसांत आतड्यातले जंतू वर चढतात आणि गाठ मेली की तिथे पू होऊ शकतो. इतरांपेक्षा पुष्कळ जास्त धोका, प्रसंगी जिवावर बेतणारा. आधीपासून औषधं देऊ म्हणाले, पण थंडी वाजून ताप आला तर तासभरसुद्धा थांबू नका. आईंनी सगळं ऐकून घेतलं, चार प्रश्न विचारले आणि मगच सही केली."

"मला कुणी..."

"तुम्ही गाडी बघायला गेला होता. आणि परत येताना मी तोंड उघडलं तर तुम्ही ते बंद केलंत." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मीही शहाणी नाही. तुम्ही ऐकत नाही तर नाही, मी लक्ष ठेवते म्हटलं. आईंनी थर्मामीटर दाखवला आणि मी फसले."

तो भिंतीला टेकला. आतापर्यंत अंगात जी गोडी होती ती कडू जहर झाली. आईने एकाच्या मायेपायी ताप लपवला, आणि आपण त्याच एकाच्या मत्सरापायी कान बंद केले. दोघांनी मिळून हे घडवलं होतं.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आला आणि त्याच बाकावर, मध्ये एक जागा सोडून बसला. अंगातला हिरवा झगा पाठीवर ओला झाला होता.

"पू निघालाय. पण अजून काही सांगता येत नाही." मग जमिनीकडे बघत तो म्हणाला, "दुसरा कुणी पेशंट असता ना, तर मी नुसत्या आवाजावर विश्वास ठेवला नसता. बोलावलं असतं, रक्त तपासलं असतं. बाई म्हणाल्या ठणठणीत, आणि मी मानलं. बाई खोटं बोलतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"ती खोटं बोलते," ब्रेकमास्तर म्हणाला. "सर्रास बोलते. मला विचारायचं होतंत."

हे सांगताना त्याला क्षणभर अभिमान वाटला, की आईबद्दल एक तरी गोष्ट आपल्याला याच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि लगेच दुसरा विचार आला, की ठाऊक होतं तर मग रोज तिच्या शेजारच्या खोलीत झोपून आपण काय बघत होतो?

पुढचे दिवस वाईट गेले. यकृत इतकं थकलं की त्याचा परिणाम मेंदूवर झाला आणि आई भ्रमात बडबडू लागली. ती कुणाला हाक मारते याकडे ब्रेकमास्तरचे कान लागलेले असत. तिथेही त्याची हाव सुटली नव्हती. तिने हाक मारली ती शाळेच्या शिपायाला, घंटा अजून का दिली नाही म्हणून. ब्रेकमास्तरला हसू आलं आणि ते थांबवता थांबवता तो बायकोच्या खांद्यावर रडला.

हळूहळू ताप उतरला. आई माणसं ओळखू लागली, दोन घास खाऊ लागली. पू वाहून नेणारी नळी बरगडीखाली तशीच ठेवून तिला घरी सोडायचं ठरलं. नळी तुंबू नये म्हणून रोज सिरिंजने मिठाचं पाणी आत सोडावं लागणार होतं. ते डॉक्टरने स्वतः ब्रेकमास्तरला शिकवलं.

"हळू. जोर लावायचा नाही. अडलं तर थांबायचं, मागे यायचं."

"मी क्लचबद्दल हेच सांगतो," ब्रेकमास्तर कोरडेपणाने म्हणाला. पण हात त्याचा स्थिर होता. पाणी सुरळीत आत गेलं, पिशवीत परत आलं.

"वा! पहिल्याच फटक्यात," डॉक्टर म्हणाला.

ब्रेकमास्तरने चटकन आईकडे पाहिलं. तिला झोप लागली होती.

नळीचं काम मग त्याने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. सकाळचा पहिला तास त्याने उशिरावर ढकलला. हात कोपरापर्यंत धुऊन तो आईच्या कुशीशी बसे, आणि आई छताकडे बघत पडून राही. अशाच एका सकाळी त्याने विचारलं.

"आई, माझ्यासाठी लपवला असतास का गं ताप?"

"कसला ताप?"

"त्याला बोल लागू नये म्हणून जीव धोक्यात घातलास. माझ्यासाठी असं काही केलं असतंस?"

आईने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. वर्गात कुणी अगदीच सोपी चूक केली की ती असं बघत असे. "तुझ्यासाठी जे लपवलं ते तुला कळलं असतं, तर ते लपवणं कसलं रे?"

"म्हणजे काय लपवलंस?"

"पाणी सोड. सिरिंज हातात धरून गप्पा मारू नयेत."

त्याने पाणी सोडलं. परत विचारलं नाही. पण त्या दिवशी सिग्नलला थांबल्यावर त्याच्या मनात येत राहिलं, काय असेल? शाळेतलं काही? बाबांपासून लपवलेलं काही? एक शिकाऊ म्हातारे गृहस्थ हिरवा दिवा लागून गेला तरी तसेच बसून होते आणि ब्रेकमास्तरलाही ते समजलं नाही. मागून भोंगे वाजू लागले तेव्हा दोघंही दचकले.

जखम भरली, नळी निघाली. काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन झाला आणि तिघं परत त्या खोलीत बसले. या वेळी ब्रेकमास्तर डॉक्टरच्या अगदी समोरच्या खुर्चीत होता.

"गाठ बरीचशी मेलीय," डॉक्टर म्हणाला. "पण या कडेला जिवंत भाग आहे. तिथे पुन्हा नळीने जाता येईल. पू पुन्हा होऊ शकतो, आणि यकृत पहिल्याइतकं राहिलेलं नाही, ते कदाचित बंदच पडेल. गोळ्या आहेत, पण त्या किती लागू पडतील सांगता येत नाही. मला विचाराल तर... मला वाटतं, बाई, एकदा प्रयत्न करावा. मी फार जपून करीन."

आईने त्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. मग ती मुलाकडे वळली. "तू सांग."

"मी?"

"हो. तू म्हणशील तसं."

पायरीवर बसून सायकलची चेन बसवणारा तो पोरगा जन्मभर 'तू सांग' या दोन शब्दांची वाट बघत होता. पहिल्या नंबरासमोर, पहिल्या नंबराला डावलून, आईने त्याला विचारलं होतं. छाती फुगली, आणि पुढच्याच श्वासाला तिच्यावर कुणी धोंडा ठेवावा तसं झालं. हो म्हटलं आणि बिघडलं तर? नाही म्हटलं आणि गाठ वाढली तर?

"नाही केलं तर किती दिवस?" त्याने डॉक्टरला विचारलं.

"काही महिने. गोळ्यांनी जरा जास्त."

"केलं आणि निभावलं तर?"

"वर्ष. कदाचित त्याहून बरंच जास्त."

"आणि नाही निभावलं तर?"

डॉक्टरने पडद्यावरचा स्कॅन बंद केला.

"आई, तुला काय वाटतं?"

"मी तुला विचारलंय. प्रश्नाला प्रश्न हे उत्तर नसतं."

"नको," तो म्हणाला.

"का?"

"तुझी ती हुडहुडी बघितलीय मी. पुन्हा नाही बघवणार."

"हे तुझं कारण झालं. माझं सांग."

त्याने आईकडे नीट पाहिलं. तिने दोन्ही हात पर्सवर घट्ट धरले होते, घरी निघालेल्या माणसासारखे. आणि त्याला एकदम उमगलं. "तुलाच नकोय. पण तुला याला नाही म्हणवत नाही. म्हणून माझ्या तोंडून म्हणवून घेतेयस."

आई हसली, लबाडी पकडली गेल्यासारखी. "बरोबर," ती म्हणाली.

डॉक्टर उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. ब्रेकमास्तरच्या मनात काही क्षण नुसता जाळ झाला. इथेही त्याचंच मन राखायचं होतं! मला विचारलं तेही त्याच्यासाठीच!

गाडीत बसताना आईने त्याच्या हाताचा आधार घेतला. "फुगू नकोस," ती म्हणाली. "कौतुक कुणाचंही करता येतं. असलं काम घरच्याच माणसाला सांगावं लागतं." या वेळी त्याला 'घरचा' हा शब्द टोचला नाही; पण राग गेला असंही नाही.

गोळ्यांनी अपेक्षेपेक्षा बरी साथ दिली. आईने अख्खा हिवाळा आणि त्यापुढचा उन्हाळा बघितला. कधीकधी ती गाडीच्या मागच्या सीटवर बसून शिकाऊ माणसांच्या फेऱ्यांना जाई आणि ब्रेकमास्तरला भर रस्त्यात सूचना देई: एका वेळी एकच गोष्ट सांग, त्यांना आधी चुकू दे, मग ब्रेक दाब. शिकाऊंना ती फार आवडे. मग पोटात पाणी साठू लागलं, झोप वाढली, आणि एका सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर शेवटच्या आठवड्यात रोज येत होता. तिला कमीत कमी दुखावं हे त्याने पाहिलं.

ती गेल्याचं कळल्यावर तो आला आणि दारातच कोसळून रडला. लहान मुलासारखा, हुंदके देत, नाक वाहवत. शेजारपाजारची माणसं त्याच्याभोवती जमली. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवर हात फिरवला. ब्रेकमास्तर कोरड्या डोळ्यांनी समोरच्या भिंतीशी उभा होता. आई माझी गेली आणि सांत्वन याचं चाललंय, हे त्याच्या मनात आलंच. रडता येणाऱ्याचाही हेवा करता येतो हे त्याला नव्यानेच कळलं.

सगळं उरकून माणसं पांगली तेव्हा डॉक्टर बाहेर आपल्या गाडीशी उभा होता. किल्ली कुलपात जात नव्हती इतका त्याचा हात थरथरत होता. ब्रेकमास्तर त्याच्याजवळ गेला.

"मला दुसऱ्यांदा करायचं होतं," डॉक्टर त्याच्याकडे न बघता म्हणाला. "तू नको म्हणालास. मला अजून राग आहे त्याचा."

"असू दे. मलाही तुझा आहे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'तू' गेलं. दोघांच्याही ते लक्षात आलं.

"किल्ली दे," ब्रेकमास्तर म्हणाला. "या हातांनी गाडी चालवणार आहेस?"

तो चालवायला बसला आणि डॉक्टर शेजारी. गाडी गल्लीतून बाहेर पडली. मग डॉक्टर खिडकीबाहेर बघत बोलू लागला. एकदा परीक्षेच्या आधी तो घाबरून शाळेच्या जिन्याखाली लपला होता. बाई त्याला शोधत आल्या, ओरडल्या नाहीत, साडी आवरून स्वतःच आत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, मलाही आज वर्गावर जायचा कंटाळा आलाय.

ब्रेकमास्तरला ही गोष्ट ठाऊक नव्हती. आई जिन्याखाली बसलेली त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली आणि ती आपल्याशेजारी का बसली नव्हती, हा जुना विस्तव पुन्हा फुलला. जळू दे, त्याने मनाशी म्हटलं. डॉक्टरचं घर पुढच्या चौकातून डावीकडे होतं. त्याने गाडी सरळ, लांबच्या रस्त्याला घेतली.

"मग?" त्याने विचारलं. "मग काय केलं तिने?"